जर्मनची राणी

आमच्या गुजरीत तिला ह्याच नावानं ओळखत.
जर्मन म्हणजे पातेली, जर्मन म्हणजे डबे,
हलके, पोचे पडणारे,
आणि तिच्या गळ्यात तर एकवीस पानांचा साज.
म्हणून जास्तच हसायचे दुकानदार.

बारा खेड्यांची जहागीर, रंकाळ्यापल्याड बंगला.
हैबतरावसाहेब शेतकी शिकायला गेले तिकडं
आणि बियाण्याच्या पोत्यांबरोबर हिला घेऊन आले,
असं लोक सांगत. खरं काय ते दोघांनाच ठाऊक.
लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं
नाव लिहिलं : सुवर्णलतादेवी.
तिला ते धड उच्चारता यायचं नाही.
जुनं नाव कुठं गेलं, हे विचारायची
आपल्यात रीत नाही.

मी तेव्हा आठ वर्षांची. आबा पटवेकरी.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचे.
सोनं दुसऱ्याचं, गाठ आमची.

लढाई लागली आणि हुकूम निघाला,
जन्मानं जर्मन असेल त्यानं
दर शुक्रवारी ठाण्यावर हजेरी द्यावी.
राणी असली तरी.
देवीचा वार. महाद्वारात खणा-नारळांची गर्दी,
तिच्यातून ती पदर घेऊन चालत जायची, मोटार नको म्हणायची.
फौजदार उठून उभा राहायचा, खुर्ची द्यायचा,
आणि मग वही पुढं सरकवायचाच.

तिथून ती थेट आमच्या पायरीवर.
"तातोबा, साज तुटला."
दर शुक्रवारी.
मी विचारलं, आबा, आपला दोरा इतका कच्चा?
आबांनी तुटकं टोक माझ्या तळहातावर ठेवलं.
झिजलेला दोरा पिंजारतो.
हे टोक सरळ होतं. कात्रीचं.
"बोलायचं नाही," एवढंच म्हणाले
आणि कासव, भुंगा, बेलपान, मासा
ओवत राहिले, मुद्दाम सावकाश.
ती बशीतनं चहा प्यायची, बघत बसायची,
माहीत असलेल्या पानांची नावं पुन्हा विचारायची.
माशापाशी थांबायची.
घराखाली नदी होती, असं एकदा म्हणाली.
कुठली, ते मी विचारलं नाही.

एकदा समोरचा पोरगा ओरडला,
"जर्मनच्या राणीला सोनं कशाला?"
तिनं मला अर्थ विचारला.
मी खाली बघत सांगितला.
ती इतकी हसली की आबांच्या अंगठ्यातनं दोरा निसटला.

पुढच्या शुक्रवारी ती कासाराकडनं पातेलं घेऊन आली.
जर्मनचं. चार शेराचं.
नाव घालणारा म्हातारा कोपऱ्यावरच बसायचा.
"कुणाकडनं कुणाला, बाईसाहेब?"
"माझ्याकडून," ती म्हणाली. "मला."
त्यानं चष्म्यावरनं बघितलं.
"काय घालू?"
"ओटिली."
"ओटी म्हणजे, आपली देवीची ओटी?"
ती जरा थांबली. मग हो म्हणाली.

लढाई संपली. जहागीर गेली.
मग एका श्रावणात हैबतरावसाहेब गेले.
तेराव्यानंतर ती साज घेऊन आली,
पांढऱ्या लुगड्यात, गाठीसकट, अखंड.
"आता काढा," म्हणाली.
आबांनी कात्री तिच्याच हातात दिली.
"तुम्हाला सवय हाय."
तिनं बघितलं आबांकडं, बराच वेळ.
मग कापला.
पानं ताटलीत पडताना मोजली मी, एकवीस भरली.

सोनं पुतण्यांनी नेलं.
ती मात्र येत राहिली शुक्रवारी,
ठाण्याची वही कधीच बंद झाली होती तरी,
गुडघे वाकत होते तोवर.

पातेलं माझ्याकडं आहे.
त्यात मी रेशीम रंगवते, साजाचं, लाल.
बाहेरनं रंग ओघळतो आणि अक्षरांत जाऊन बसतो,
राखेनं घासलं तरी निघत नाही.
सून म्हणते, फेका आता, पाच ठिकाणी पोचलंय.
मी म्हणते, असू दे.
मोडीत काय येणार त्याचं?